समुद्रकड्यावरचं घरटं, एसीच्या मागे

हिवाळ्यात गिरगाव चौपाटीवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो चरतात. पण हे पाहुणे मुंबईत अंडी घालत नाहीत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करतो, फ्लेमिंगो कच्छच्या रणात. आपल्या किनाऱ्यावरच्या शहरात संसार थाटला आहे तो कड्याकपारीतल्या एका जुन्या रहिवाशाने, म्हणजे कबुतराने.

त्याचा रानटी पूर्वज समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या कड्यांवर घरटी करतो. कबुतराच्या लेखी परळ-लालबागचे टॉवर म्हणजे कडेच. एसीचं मशीन, डक्ट, खिडकीचा छज्जा या कपारी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या टाइन पुलावर किटीवेक हे समुद्रपक्षीही असेच घरटी करतात. पण ते समुद्रावर मासे पकडतात आणि हंगाम संपला की निघून जातात. कबुतराला आपण रोज दाणे घालतो, म्हणून ते वर्षभर इथेच वीण करतं. एका वेळी दोन अंडी, सुमारे १८ दिवसांत पिल्लं, आणि पोट भरलेलं असेल तर लगेच पुढची वीण.

यात डॉक्टरांनी बोलण्यासारखं काय? कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांवरच्या भुकटीत प्रथिनं असतात. ती सतत श्वासातून गेली, की काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नव्हे; अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. तो सगळ्यांना होतो असंही नाही. सुरुवात कोरड्या खोकल्याने आणि जिना चढताना लागणाऱ्या धापेने होते, त्यामुळे दम्याचा समज होऊ शकतो. वेळीच संपर्क तुटला तर सूज उतरू शकते. उशीर झाला तर फुप्फुसं कायमची कडक होतात आणि काहींना घरीही ऑक्सिजन लावावा लागतो.

ऑगस्ट २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. वाद 'जीवदया विरुद्ध आरोग्य' असा रंगला. पण दाणे वाढले की पक्षी वाढतात, घरट्यांत दाटी होते, रोगराई पसरते आणि पिल्लंच मरतात. यात दया कुठे आहे? उलट, फक्त एक चौक बंद करून दाणे गच्चीवर गेले, तर घरटी आपल्या खिडकीच्या आणखी जवळ येतील.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहराने वर्षानुवर्षं कबुतरं मारून पाहिली. संख्या घटली नाही. १९८८पासून दाणे न घालण्याबद्दल लोकांना समजावलं, कबुतरांसाठी ठरावीक खुराडी ठेवून तिथली अंडी काढली. चार-पाच वर्षांत संख्या निम्म्यावर आली. मुंबईलाही अशाच सबुरीच्या उपायाची गरज आहे.

तोवर घरात एवढं करा. एसीमागची जागा रिकामी असतानाच जाळी लावा. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका; पाणी शिंपडून, एन-९५ मास्क लावून काढा. दमेकऱ्यांना आणि वृद्धांना त्या कामापासून लांब ठेवा. आणि खोकला तीन-चार आठवडे हटला नाही, तर खिडकीत कबुतरं बसतात हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. निदान लवकर होण्यास त्या एका वाक्याची मोठी मदत होते.