पाऊणकीचा समुद्र

आमच्याकडे येणारा पाहुणा चहाचा कप हातात घेता घेता एक वाक्य हमखास बोलतो, "तुमची मजा आहे बुवा! रोज समुद्र बघायला मिळतो." मी मान डोलावतो. पण खरे सांगू? अलिबागेत समुद्रापासून दुसऱ्याच आळीत आमचे घर आहे, तरी समुद्र 'बघायला' असे आम्ही क्वचितच जातो. खिडकीतून तो दिसतही नाही. मध्ये नारळाची वाडी आहे.

तोच आमच्याकडे येतो. मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड वातड होतात. खिडकीच्या गजांना आमची सौभाग्यवती दर वर्षी रंग देववते आणि दर वर्षी खारा वारा तो उतरवून ठेवतो. सकाळी कोळीण ओट्यावर पाटी टेकते आणि "ताई, बोंबील बघ कसे काचेसारखे हायत" म्हणते, तेव्हाही समुद्रच दारात आलेला असतो. रात्री वीज गेली, पंखे थांबले, की इतका वेळ दडून बसलेली लाटांची गाज एकदम उशाशी ऐकू येते. वीज मंडळाला सगळे जण शिव्या देत असताना मी मनातल्या मनात त्याचे आभार मानतो.

आमच्या घरी समुद्राचा हिशेब मात्र एकाच माणसाकडे आहे, माझ्या वडिलांकडे. त्यांनी कचेरीत कारकुनी केली. पण घड्याळापेक्षा त्यांचा भरवसा तिथीवर. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हे आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, चतुर्दशीला साडेदहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तेवढेच उशिरा. पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून केव्हाच हद्दपार झाल्या. वडिलांच्या बोटांवर मात्र पाऊणकी अजून जिवंत आहे. माझी मुलगी मोबाईलवर भरतीची वेळ काढते आणि आजोबांशी ताडून पाहते. पाचदहा मिनिटांचा फरक पडला, तर आजोबा मोबाईलला माफ करतात.

या गणितावर आमचे पुष्कळ सुख अवलंबून आहे. समोर पाण्यात कुलाब्याचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे आंग्र्यांनी त्याला नाव मिळवून दिले. चहूकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. ओहोटीला तिथे चालत जावे आणि पाणी फिरायच्या आत परतावे. रविवारी मोटारीतून उतरलेली मंडळी भर भरतीत "पाणी कधी उतरणार?" म्हणून वाळूत उभी राहून चिडतात. आम्ही तेवढ्या वेळात घरी जाऊन जेवून येतो. कोजागिरीला मध्यरात्रीच्या सुमारास, दूध आटत आले की समुद्र उधाणाने काठोकाठ भरतो. लक्ष्मीपूजनाच्या सांजेला मात्र तो दूर गेलेला असतो. ओल्या वाळूवर अंधार उतरतो आणि मागे आळीत पणत्या लागतात. पंचांग चुकले नाही, तर हे दोन्ही चुकत नाहीत.

चार वर्षांपूर्वी वडिलांचे गुडघे गेले. दुसऱ्या आळीतला समुद्र त्यांच्यासाठी एकदम परगावी गेला. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी चक्कर मारून यावे आणि त्यांनी आरामखुर्चीतून विचारावे, "पाणी कुठवर आलं होतं?" असा शिरस्ता पडला. मी सांगतो, ते डोळे मिटून ऐकतात.

एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अंगावर आला होता. मी महाविद्यालयातून तडक घरी आलो. प्रश्न आला तसे मानही वर न करता सांगून टाकले, "ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत वाट मोकळी होती."

वडिलांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

"आज अष्टमी," ते म्हणाले. "भांगाचं पाणी फार वर येत नाही, कबूल. पण सहाच्या भरतीत वाट मोकळी कशी होईल?"

मी गप्प. लाल पेन हातात तसाच राहिला. दिवसभर मुलांच्या चुकांवर तो फिरवत होतो.

"गेला नसशील तर नाही म्हण," ते अगदी साधेपणाने म्हणाले. "एक दिवस नाही गेलास तर काय होतं? पण उद्या तू खरं सांगितलंस तरी मला बोटं मोजावी लागतील."

त्या दिवसापासून मी एकतर जातो, नाहीतर नाही म्हणून सांगतो. आणि गंमत अशी, की कुणाला तरी सांगायचे आहे म्हणून गेलो, तेव्हाच मला समुद्र दिसू लागला. ओल्या वाळूत कुर्ल्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी, किल्ल्याहून परतणाऱ्या घोडागाड्यांची चाकोरी, पाणी फिरले की ती चाकोरी पुसायला येणारी पहिली पातळ लाट. चाळीस वर्षे मी या वाळूवरून चाललो होतो. यातले काही घरी आणले नव्हते.

यंदा नरकचतुर्दशीचा बेत ठरला आहे. लहानपणी अभ्यंगस्नान आटोपले, की वडील आम्हांला काळोखातच ओहोटीच्या वाळूवर नेत. यंदा आम्ही त्यांना नेणार. आळीतली दोन दांडगी पोरे खुर्ची उचलायला तयार आहेत. फराळ करून सात वाजता निघू, असे मी काल सुचवले.

वडिलांनी बोटे मोजली.

"साडेदहाला भरती. सातला पाणी निम्म्यावर आलेलं असेल," ते म्हणाले. "साडेपाचला निघायचं. फराळ डब्यात घ्या."