चाकाला आलेला ताप

माणसाच्या अंगात ताप आहे की काय हे पाहायला कपाळावर हात ठेवतात. मोटारीचे तसे नाही. तिच्या चाकाच्या बरोब्बर मध्यावर तळवा टेकवावा लागतो. गेल्या नरकचतुर्दशीला दुपारी पौडला रस्त्याच्या कडेला मी आमच्या जीपच्या मागल्या डाव्या चाकावर असा तळवा टेकवला आणि ‘आई गं!’ म्हणून झटक्यात मागे घेतला. उजवे चाक कोमट, आणि हे तव्यासारखे!

आमची जीप या सदराच्या नेहमीच्या वाचकांना नवी नाही. सौ. तिला ‘घरातले तिसरे अपत्य’ म्हणते. युद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. त्यांतली ही १९४४ सालची. युद्ध संपल्यावर आपल्याकडे अशा बऱ्याच गाड्या लिलावात निघाल्या. ही त्यांतलीच एक, चार दारे फिरून १९६८ साली आप्पांच्या हाती आली. आप्पा गेले, गाडी राहिली.

आणि गेल्या दिवाळीत तिच्यावाचून आमचे अडले होते. आईचे माहेर ताम्हिणी घाट उतरून निजामपूरच्या पलीकडे. शेवटचा दीड कोस वाट अशी, की शहरी मोटार पोट घासून बसते. मामांचे वय शहाऐंशी, आईचे ब्याऐंशी. ‘यंदाची भाऊबीज त्याच्या दारात,’ असे तिने गणपतीतच जाहीर केले होते. म्हणून मी पौडपर्यंत गाडी चालवून पाहिली, तर मागून कुणी तंबोरा लावल्यासारखी घुमघुम येऊ लागली, आणि थांबून पाहतो तो हे असे.

पाडव्याच्या सकाळी उस्तादांना गाठले. आप्पांच्या वेळेपासून तेच या गाडीचे वैद्य. आता खांदा धरल्यामुळे त्यांना पाना ओढवत नाही. स्टुलावर बसून ते हुकूम सोडणार आणि मी व चिरंजीव हात काळे करणार, असे ठरले. पहिला हुकूम सुटला : पुढच्या चाकांना विटा लावा. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर लागतो. मागचे एक चाक उचलले की त्याचा काही भरवसा उरत नाही.

मग चाकाचे पाच नट. मी सारे वजन टाकून पाना डावीकडे ओढतो आहे, चिरंजीव नळकांड्याचा जोर लावताहेत, आणि उस्ताद शांतपणे चहा पिताहेत! आम्हां दोघांना घाम फुटल्यावर म्हणाले, “डावं चाक आहे, साहेब. आटे उलटे आहेत. तुम्ही आवळताय.” आप्पांनी हे मला किमान दहा वेळा सांगितले असेल.

बैलगाडीच्या चाकाला मध्ये लाकडी तुंबा असतो आणि त्यातून आस जातो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मोटारीचा हब म्हणजे तोच तुंबा, फक्त लोखंडी. गाडीखाली लोंबणाऱ्या नळीतल्या वंगणाच्या जागी येथे ग्रीस, आणि घासून झिजू नये म्हणून आत निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे. या जीपची खुबी अशी, की तिचे ओझे एका पोकळ नळीवर असते आणि तुंबा त्या नळीवर फिरतो. नळीतून जाणारा दांडा चाकाला नुसते फिरवतो, वजन उचलत नाही. त्यामुळे सहा बोल्ट काढून तो हातभर दांडा तलवारीसारखा बाहेर ओढला, तरी तुंबा आपला जागच्या जागी! लहानपणी मला ही जादू वाटे. अजूनही वाटते.

दांड्यामागे दिसतात दोन मोठे नट. आतला बेअरिंग जितके हवे तितके दाबतो, बाहेरचा त्याला हलू देत नाही. दोहोंच्या मध्ये पत्र्याची एक चकती असते. तिची कड नटावर वाकवली म्हणजे तो जखडला. मी छिन्नी घेऊन ती कड सरळ करायला वाकलो, तर कड वाकवलेलीच नव्हती. चकतीही जुनीच, चेपलेली. बाहेरचा नट चिरंजीवांनी दोन बोटांनी फिरवून काढला.

कुणी काहीच बोलले नाही. हा नट घाटात निघाला असता, तर तुंबा, ड्रम आणि दांडा यांसकट चाक निघून गेले असते. शिवाय या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीतून जाते, म्हणजे एक चाक गेले की ब्रेकही गेले.

तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात हे काम झाले होते. त्या गॅरेजला मी मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण खरे सांगायचे तर ‘तासाभरात द्या, मुहूर्त गाठायचाय’ असा लकडा मीच तिथे उभा राहून लावला होता.

तुंबा उतरवून आतले बेअरिंग डिझेलने धुतले (पूर्वी रॉकेल असे, आता ते कुठे मिळते?). आतले कडे निळे पडले होते. नट फाजील आवळल्याने तापून झालेला तो डाग. मी म्हणालो, “उस्ताद, ग्रीस भरून लावू या का? जाऊन येऊन अडीचशे किलोमीटरचा तर प्रश्न.” त्यांनी बेअरिंग माझ्या हातात दिले. “फिरवा.” फिरवले. वाळू दळल्यासारखे लागले. “आईंना मागच्या सीटवर बसवणार ना?” एवढेच त्यांनी विचारले.

पाडव्याला नाना पेठ बंद. भाऊबीजेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी एका दुकानाचे अर्धे शटर वर झाले. कड्यावर कोरलेला, ऐंशी वर्षांपूर्वीचा आकडा सांगितला आणि दुकानदाराने वळूनही न पाहता फळीवरून डबी काढली! आकडा तोच, माल नवा. सील आणि चकतीही मिळाली. पण भाऊबीज हुकली ती हुकलीच. आईने कारण विचारले नाही, तेच मला जास्त लागले. संध्याकाळी मामांना फोन केला, तर पलीकडून आवाज आला, “अरे, मी काय पळून चाललोय? नीट करून घे आणि ये.”

रात्री दिव्याखाली जोडणी. बेअरिंगची बाहेरची वाटीही नवीच बसवावी लागते, जुन्या वाटीत नवे रूळ टिकत नाहीत. ग्रीसचा गोळा तळव्यावर घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचे, रुळांच्या फटींतून ते वर डोकावेपर्यंत. मात्र तुंबा ग्रीसने ठासून भरायचा नाही. तापले की ते सील ओलांडून ब्रेकवर येते. मग चाक फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत. आणि येथे खरी मेख आहे : तिथून मागे यायचे. नटाला पैलू सहा. “एक पैलू मागे,” उस्ताद म्हणाले. चाक मोकळे फिरू लागले. वरखाली धरून हलवले, तर खडखड नाही. चकतीची कड वाकवण्यासाठी हातोडी त्यांनी स्वतःच्या हाती मागितली. दुखऱ्या खांद्याने दोनच ठोके मारले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पौडला थांबलो, उतरलो, तळवा टेकवला.

“आहे का रे ताप?” आईने आतून विचारले.

“नाही. कोमट आहे.”

“बघू.” नातवाचा हात धरून ती खाली उतरली, पदर सावरत वाकली आणि आपला तळवा तिथे ठेवून थोडा वेळ तशीच राहिली.

“उतरलाय,” ती म्हणाली. “चल आता, तो वाट बघत असेल.”