दार लावले की कॅमेरा आंधळा

दिवसा सगळे झकास होते. सोलापुराहून आलेल्या मुलाने फाटकाच्या खांबावर व्हिडिओ डोअरबेल बसवली, माझ्या फोनवर मला माझेच अंगण दाखवले, बेल दाबून दाखवली, चहा घेतला, पैसे घेतले आणि गेला. रात्री दहाला पुढचे दार लावून कडी घातली आणि हौसेने फोन उघडला, तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. दार उघडले, बेल जागी झाली. लावले, पुन्हा गेली. तीन-चार वेळा हा खेळ झाल्यावर आतून आवाज आला, “आता चोर येईस्तोवर दार उघडंच ठेवा म्हणजे झालं.”

होटगीतले आमचे घर जुने आहे. पुढे दोन फुटी दगडी भिंत, वर माळवद. मागे नंतर वाढवलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. राउटर मागे, टीव्हीच्या कपाटात. पुढच्या दाराला वडिलांनी चोरांच्या धास्तीने पत्रा मारून घेतला होता. त्याच पत्र्याने आता चोरावर नजर ठेवणाऱ्याचे डोळे बांधले होते.

तेव्हापासून गावात जो भेटेल तो वायफायतज्ज्ञ निघाला. चहाच्या टपरीवर निकाल लागला की राउटर फुसका आहे, सहा काड्यांचा घ्या, “भिंत फोडून जातंय बघा.” पुतण्या म्हणाला, काका, प्लॅनच बारका आहे, तीनशेचा घ्या. दुकानदाराने भिंतीच्या सॉकेटात खोचायचा एक रिपीटर पुढे केला आणि कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी लावायला सांगितले. एका निवृत्त गुरुजींनी मात्र थेट जगदीशचंद्र बोसांनाच साक्षीला उभे केले. १८९५ च्या सुमारास बोसांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवली, मधल्या भिंती आड आल्या नाहीत. “सव्वाशे वर्षांमागं भिंतीपलीकडची घंटा वाजत होती, आणि तुमची बेल एका दारानं अडते?”

खंडन करायचे तर पूर्वपक्षातला सगळ्यात तगडा गडी आधी घ्यावा, म्हणून गुरुजींपासून सुरू करतो.

गुरुजींचा दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. घंटा वाजवायला लहरीचा एक ठोका पुरतो. तो पोचला की काम झाले. व्हिडिओचे तसे नाही. सेकंदाला पंधरा-वीस चित्रे, अखंड, एकामागून एक जावी लागतात. मधली चार हरवली की चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे उरतात. पण याहून मोठा फरक दुसराच आहे. बोसांच्या घंटेला उलट बोलायचे नव्हते. तिने नुसते ऐकायचे होते. आमच्या कॅमेऱ्याला ऐकायचे थोडे आणि बोलायचेच फार असते. चित्र कॅमेऱ्याकडून राउटरकडे जाते, राउटरकडून कॅमेऱ्याकडे नाही. ही एवढी गोष्ट ध्यानात घेतली तर बाजारातले निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

सहा काड्यांचा राउटर घ्या. घेतला. तो मोठ्याने ओरडेल, आणि कॅमेऱ्याला ते ऐकूही येईल. पण कॅमेऱ्याने क्षीण आवाजात दिलेले उत्तर राउटरपर्यंत कोण आणणार? डोअरबेलच्या प्लास्टिकच्या डबीत बोटाच्या पेराएवढी अँटेना असते, पाठीमागे खांबाचे काँक्रीट, शेजारी लोखंडी फाटक. शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस लाउडस्पीकर ऐकू शकतो. पण त्याचे साधे बोलणे लाउडस्पीकरवाल्याला ऐकू येत नाही. शिवाय राउटरने किती ओरडायचे यालाही सरकारी मर्यादा आहे, ती दोन हजाराच्या डब्याला आणि दहा हजाराच्या डब्याला सारखीच लागू होते. जास्त अँटेनांचा अगदीच उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. चांगल्या राउटरचे कान त्यामुळे थोडे तिखट होतात. पण दोन फुटी दगड आणि त्यावर पत्र्याचे दार, यांच्यापुढे तिखट कानांचे काही चालत नाही. वीटभिंत ओलांडताना सिग्नल साधारण निम्मा किंवा त्याहून कमी होतो. जाड दगड किंवा सळईच्या काँक्रीटमधून दहावा हिस्सा उरला तरी नशीब. धातूचा पत्रा तर लहर परतच लावतो. उघड्या दारातून ती वळसा घालून येते, हेच आमच्या रात्रीच्या खेळाचे सगळे रहस्य.

प्लॅनचे खंडन दोन ओळींत होते. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे २ मेगाबिट पुरतात, तेही अपलोडचे, नव्या एच.२६५ पद्धतीने त्याहूनही कमी. चार कॅमेरे धरले तरी ८. आमचा तीसचा प्लॅन त्याला भरून उरतो. टाकी भरलेली आहे आणि नळाला जाणारा पाइप चेपला आहे. टाकी मोठी करून उपयोग काय?

पुतण्याने मग दुसरा डाव टाकला. “काका, ५ गिगाहर्ट्झवर टाका, ते फास्ट असतं.” इथे मला होटगीकर असल्याचा फायदा झाला. आमच्या जंक्शनात रेल्वेची दोन गेज माहीत असलेली माणसे अजून आहेत. मुंबईकडून येणारा रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. सदर्न मराठा रेल्वेने विजापूरमार्गे गदगकडे नेलेला फाटा कित्येक दशके मीटरगेज, १००० मिलिमीटरचा. इंजिन कितीही दमदार असो, एका गेजचे दुसऱ्यावर चालत नाही. बहुतेक स्वस्त कॅमेरे आणि डोअरबेल केवळ २.४ गिगाहर्ट्झचे असतात; ५ चा रूळ त्यांना दिसतसुद्धा नाही. आणि ज्यांना दिसतो त्यांनीही मोहात पडू नये. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहाच्या आसपास. भिंतींमधून धाकटी लवकर दमते. मोकळ्या खोलीत ५ चा वेग खरा, पण आडभिंतीच्या घरात २.४ चा चिवटपणाच कामाला येतो. फक्त तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला कमी गर्दीचा निवडावा, रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवावी. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा हा सल्ला दुकानात मिळत नाही.

रिपीटरची गोष्टही गेजबदलासारखीच आहे. जिथे गेज बदलते तिथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हमाल एकच असेल तर त्याचा निम्मा वेळ उतरवण्यात जातो, निम्मा चढवण्यात. एका रेडिओचा स्वस्त रिपीटर हेच करतो आणि वेग जवळपास अर्ध्यावर आणतो. आमच्या २ मेगाबिटच्या कॅमेऱ्याला तेवढे सोसेलही. खरा घोळ जागेचा आहे. रिपीटर ऐकतो तेच पुढे सांगतो. कॅमेऱ्याशेजारी, म्हणजे जिथे आधीच काही ऐकू येत नाही तिथे, त्याला बसवला तर तो पुढे सांगणार काय? फोनवर मात्र काड्या पूर्ण दिसतात, कारण फोनला रिपीटर जवळ आहे. ग्राहक खूश, चित्र तरीही अडकते. रिपीटर लावायचाच तर तो अर्ध्या वाटेवर, राउटरचा आवाज अजून ठणठणीत येतो तिथे लावावा. मेश नावाचा त्याचा श्रीमंत भाऊ निरोप पुढे नेण्यासाठी वेगळा पट्टा वापरत असेल तर बराच बरा. नाहीतर तोही सुटाबुटातला रिपीटरच.

इथवर नुसती मोडतोड झाली. आता माझा पक्ष.

माझे म्हणणे असे की, जी वस्तू जागची हलत नाही तिला बिनतारी करण्यात शहाणपण नाही. फोन हलतो, लॅपटॉप हलतो, त्यांना हवेतले नेट हवेच. खांबावर स्क्रूने ठोकलेला कॅमेरा कुठे फिरायला जाणार आहे? आणि ज्याला आपण वायरलेस कॅमेरा म्हणतो त्याला, बॅटरीवरचे सोडले तर, विजेची वायर लागतेच. म्हणजे भिंतीला भोक पडणारच आहे, गवंडी येणारच आहे. मग त्याच भोकातून कॅट सिक्सची केबल का ओढू नये? पीओई पद्धतीने तर त्या एकाच केबलीतून वीजही जाते आणि चित्रही, शंभर मीटरपर्यंत. कॅमेऱ्याजवळ सॉकेटही नको. घरात चित्रे साठवणारा डबा, म्हणजे एनव्हीआर, असेल तर इंटरनेट बंद पडले तरी चित्रण चालू राहते. राउटरला, पीओई स्विचला आणि एनव्हीआरला छोट्या यूपीएसची जोड दिली की लाइट गेल्यावरही. लाइट जाते तीच वेळ पाहण्याची असते, हे गावात कुणाला सांगायला नको.

जगभरचे वायफायसुद्धा शेवटच्या दहा-वीस मीटरपुरतेच बिनतारी असते. रेल्वे स्थानकांवरचे फुकट वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाले, तेव्हा त्याचे कौतुक हवेतले नेट म्हणून झाले. पण ते उभे होते रेलटेलने रुळांच्या कडेने पुरलेल्या ऑप्टिकल फायबरवर. ग्रामपंचायतींपर्यंत जाणारे भारतनेट, तेही मुख्यतः फायबरच. ज्यांना खात्रीचे हवे असते ते तार घालतात.

माझ्या पक्षावरही आक्षेप आहेत. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. कबूल. उंदीर केबल कुरतडतात, पाइपातून घाला. वळवाच्या पावसात वीज कडाडली की घराबाहेर लांब धावलेल्या तांब्याच्या तारेतून झटका आत येतो आणि स्विच जळतो. हा आक्षेप खरोखर जड आहे. त्याला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हे उत्तर, आणि दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांबे नको, फायबरच. मळ्यातल्या विहिरीवर कॅमेरा हवा असेल, मध्ये तीनशे मीटर शेत असेल, तर तिथे तारेचा हट्ट मीही सोडेन. समोरासमोर दिसणाऱ्या दोन उंच जागी दिशादर्शी आउटडोअर रेडिओ लावावेत. पण मधल्या बाभळीकडे लक्ष ठेवावे, कारण पानांतले पाणीही लहर पिते आणि मार्चमध्ये लागलेला सिग्नल ऑगस्टमध्ये गायब होतो.

आणि तार घातली म्हणजे कॅमेरा सुरक्षित झाला असेही कुणी समजू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो उपकरणे काबीज केली, त्यांत कॅमेरे आणि डीव्हीआर ढिगाने होते, आणि दार उघडे सापडले ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. ते भांडण वेगळे; तूर्तास पासवर्ड बदला एवढेच सांगून पुढे जातो. जाता जाता आणखी एक. तारेवर चालणाऱ्या परदेशी डोअरबेल १६ ते २४ व्होल्टच्या असतात आणि आपल्याकडे बेलच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. जुने बटण काढून तिथे ती जोडू नका. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा आणि वायरमनही हवा.

ज्यांना वायफायवरच भागवायचे आहे त्यांनी खरेदीआधी मोजमाप करावे. फोनवर सिग्नल मोजणारे फुकट ॲप घ्यावे आणि कॅमेरा बसणार तिथे फोन धरून आकडा पाहावा. दारे लावून पाहावा, हे मी माझ्या खर्चाने शिकलो. आकडा उणे ६० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ चालतो. उणे ७५ दिसले तर तिथे कॅमेरा लावण्याऐवजी कुत्रा बांधावा. यात दहाचा फरक म्हणजे दहापट: उणे ७० म्हणजे उणे ६० चा दहावा हिस्सा. मग राउटर टीव्हीच्या कपाटातून, फ्रिजच्या मागून, पाण्याच्या टाकीखालून बाहेर काढावा, छातीच्या उंचीवर ठेवावा आणि पुन्हा मोजावे. निम्म्या घरांचे दुखणे एवढ्यानेच जाईल, असे मी पैजेवर सांगतो. पैज हरलो तर चहा माझ्याकडून.

आमच्या घरात ते पुरले नाही. राउटर मधल्या खोलीत आणला, तरी दार लावून आकडा उणे ७८. शेवटी डोअरबेल खांबावरच ठेवली आणि तिच्यासाठी पुढच्या ओसरीत, दगडी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, एक छोटा ॲक्सेस पॉइंट लावायचे ठरले. त्याला केबल मागून आणायची. गवंडी मामा आले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “ह्या दगडाला भोक पाडायचं म्हंजे दिवस जाणार की ओ.” मग त्यांची नजर खिडकीच्या चौकटीकडे गेली. तिथे लाकडात करंगळीएवढे एक भोक होते आणि त्यातून काळ्या वायरीचा एक तुकडा अजून लोंबत होता. आमच्या जुन्या लँडलाइनची वायर. फोन गेला, डबा भंगारात गेला, वायर काढायचे कुणाच्या मनात आले नाही. मामांनी त्या तुकड्यालाच नवी केबल बांधली आणि आतून ओढली. दहा मिनिटे लागली.

त्या रात्री दार लावले, कडी घातली, फोन उघडला. फाटकाबाहेर गल्लीतला काळा कुत्रा बेलकडे बघून जांभई देत होता.