उजेडाचा डोस!

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो? 'चला यार कुठेतरी, जाम थकलोय!' मग सकाळची डहाणू लोकल, डहाणू रोडहून रिक्षा आणि बोर्डीच्या रस्त्यावरचं चिखले. एकीकडे चिकूच्या वाड्या, दुसरीकडे सुरूची झाडं आणि लांबच लांब किनारा. दोन दिवस मस्त लोळायचं, की सोमवारी बॅटरी फुल्ल!

पण काही जणांची बॅटरी अशी चार्ज होतच नाही. आठ तास झोपून उठलं तरी अंगात शिसं ओतल्यासारखं वाटतं. आंघोळ केली, कपडे घातले, की दिवसभराची एनर्जी संपली. घरचे म्हणतात, 'आळस झाला!' बॉस म्हणतो, 'मोटिव्हेशन कमी पडतंय.' प्रत्यक्षात त्यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो. शॉर्टमध्ये एमएस.

यात आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लास्टिक सोललं की करंट नीट पोचत नाही ना, तसंच. आजार बहुतेकदा सुरू होतो विशी ते चाळिशीत, आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे ऐन अप्रेझल, होम लोन आणि लग्नाच्या वयात! दर चार पेशंटपैकी साधारण तिघांना हा थकवा छळतो. 'हा तर गोऱ्यांचा आजार' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, की मुंबईतल्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा जास्त आढळतो, हे १९९०मध्येच प्रसिद्ध झालंय. आणि चिखले-घोलवड-बोर्डी हा तर पारशी-इराणी वाड्यांचाच पट्टा.

आता उजेडाकडे वळू. लाइट थेरपीचा फंडा सोपा आहे. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, ज्यांचं मुख्य काम बघणं नसून मेंदूतल्या घड्याळाला 'सकाळ झाली' हे कळवणं असतं. हे घड्याळ झोप आणि जाग दोन्ही सांभाळतं. १९८४मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या उदासीवर प्रखर दिव्याचा उपाय मांडला. पुढे केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांच्या थकव्यावरही सकाळच्या प्रखर उजेडाचे प्रयोग झाले आणि निकाल आशादायक होते. मग एमएसच्या थकव्यावर का नको?

व्हिएन्नात हे करून बघितलं गेलं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २६ पेशंट होते. काहींना १०,००० लक्सचा पांढरा दिवा, तर काहींना ३०० लक्सपेक्षाही मंद लाल दिवा. रोज सकाळी अर्धा तास, असं १४ दिवस. निकाल? थोडं बरं दोन्ही गटांना वाटलं! पांढऱ्या दिव्याने लाल दिव्यावर काही मात केली नाही.

म्हणजे सगळं मनाचेच खेळ? इतकी घाई नको. २६ माणसं म्हणजे छोटी चाचणी, तिच्यावरून दिव्याला कायमचं बाद करता येत नाही. पण महागडा लाइट बॉक्स ऑर्डर करण्याआधी दहादा विचार नक्की करावा. आणि गोळ्यांचं तरी काय? २०२१मध्ये अमेरिकेत १४१ पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत या थकव्यासाठी नेहमी लिहून दिली जाणारी तीन औषधंही नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही. लाइट बॉक्स ही अंधाऱ्या हिवाळ्याच्या देशांची गरज. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली साधारण ३०० ते ५०० लक्स मिळतात, तर भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास! पण एमएसवाल्यांसाठी उन्हासोबत येणारी उष्णता हाच व्हिलन. १८९०मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं, की श्रम झाले की या पेशंटची नजर धूसर होते. खरं कारण होतं वाढलेलं तापमान, हे नंतर कळलं. शरीराचं तापमान अर्ध्या डिग्रीने वाढलं तरी सोललेल्या वायरींमधून संदेश अडखळतो. एमआरआय नव्हतं तेव्हा पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून हे निदान पडताळत असत!

त्यामुळे एमएस असलेल्या मैत्रिणीला चिखल्याला नेताय? जरूर न्या, पण वेळापत्रक तिच्या सोयीने ठरवा. हा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य उगवतो तो वाड्यांच्या मागून. उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी सुरूच्या सावलीत अर्धा तास बसलं तरी खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो, तोही फुकटात. दुपारी पंख्याखाली आराम, सोबत गार पाणी, ओला रुमाल. आणि 'चल ना, एवढ्यात काय दमलीस' हे वाक्य बॅगेत भरूच नका.

हा उजेड म्हणजे उपचार नव्हे. तो दिवसाला एक शिस्त लावतो, इतकंच. या थकव्यावर त्यातल्या त्यात चांगला पुरावा आहे तो झेपेल इतक्या नियमित व्यायामाचा आणि सीबीटीसारख्या समुपदेशनाचा. एनर्जी पगारासारखी जपून खर्च करण्याचं ट्रेनिंगही उपयोगी पडतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, झोप आणि डिप्रेशन हेही तपासून घ्या. कधी कधी खरा चोर तिथे सापडतो. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लाइट बॉक्स वापरू नका.

आणि ऑफिसात? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. शिफ्टची वेळ बदलणं, एसीजवळची खुर्ची, दुपारी वीस मिनिटं पाठ टेकायची सोय, हे मागण्यात लाज कसली? १९८५पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत मदतीला आहे.

बाकी, पुढच्या वेळी शेजारच्या डेस्कवरची कुणी 'आज होत नाहीये रे' म्हणाली, तर 'मीपण थकलोय' म्हणण्याआधी दोन सेकंद थांबा. तुमचा थकवा सोमवारपर्यंत उतरेल. तिचा कदाचित नाही उतरणार. तिच्यावर विश्वास ठेवायला कुठलाही दिवा लागत नाही!