आपल्याकडे कल्चरच नाही म्हणे!

गेल्या मे महिन्यात दहा दिवस नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला जाऊन आलो. कॉलेजातला एक मित्र तिथे गेली पंधरा वर्षं ठाण मांडून आहे. बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी असे तिघे त्याच्या डोक्यावर जाऊन बसलो. ट्युलिप्स संपले होते, पवनचक्क्या एका दिवसात उरकल्या. उरलेल्या वेळात मी काय केलं? तर चौकातल्या बाकावर बसून सायकली बघितल्या. "सुट्टीतही ट्रॅफिक मॉनिटर करतोयस," इति बायको. :-)

पण बघण्यासारखंच होतं हो. सकाळी सव्वाआठला पावसाची भुरभुर चालू आणि समोरून वाहती सायकलगंगा. सूटबूटवाला साहेब, सत्तरीची आजी, पुढच्या लाकडी खोक्यात दोन पोरं कोंबून निघालेली आई, एका हाताने स्वतःची सायकल चालवत दुसऱ्या हाताने शेजारी रिकामी सायकल पळवणारी कॉलेजकन्या. हेल्मेट कुणाला नाही, ते चकचकीत घट्ट कपडे कुणाला नाहीत. सायकली तर आपल्या दूधवाल्याच्या सायकलीसारख्या, खटारा. स्टेशनखाली सायकलींचं तीन मजली पार्किंग आहे, 12,500 सायकलींचं! पहिल्या दिवशी मी फोटो काढायला म्हणून नेमका लाल डांबरावर उभा राहिलो, म्हणजे सायकलींच्या वाटेवर. ट्रिंग ट्रिंग करत एक आजी अगदी अंगावरून गेल्या आणि जाताजाता काहीतरी बोलल्या. मित्राने भाषांतर करायचं टाळलं.

परत आल्यावर ऑफिसात जेवताना हे सगळं रंगवून सांगत होतो. तेवढ्यात समोरच्या सहकाऱ्याने डब्यातली भाजी संपवत निकाल देऊन टाकला, "त्यांच्याकडे कल्चर आहे रे. आपल्याकडे कल्चरच नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. विषय संपला, हात धुवायला मोकळे. माझं डोकं मात्र तिथेच सटकलं.

आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. पहिल्या नोकरीत मी एक फॉर्म बनवला होता. त्यात 'सेव्ह' आणि 'डिलीट' ही बटणं अगदी खेटून. लोक धडाधड रेकॉर्ड्स उडवायला लागले. मी मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात सूचना लिहिली. तरी उडवतच होते. मी म्हटलं, युजर्सच बिनडोक. माझ्या तेव्हाच्या बॉसने काही न बोलता डिलीटचं बटण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तक्रारी बंद! युजर तेच, त्यांचं कल्चरही तेच.

उत्रेख्तच्या रस्त्यावर हेच केलंय. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे फूटपाथ आणि सायकलची वाट तुटतच नाही, सरळ पुढे जाते. गाडीवाल्यालाच उंचवटा चढून ती ओलांडावी लागते, त्यामुळे तो आपोआप हळू होतो. 'कृपया सायकलस्वारांचा आदर करा' असली पाटी लागत नाही. काही रस्ते अख्खे लाल, तिथे पाटी एवढंच सांगते की मोटार इथे पाहुणी आहे. कायदाही तसाच. मोटार आणि सायकलची टक्कर झाली तर नुकसानभरपाईतून मोटारवाल्याला सुटणं अवघड, आणि सायकलवर 14 वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ अशक्य.

"पण ते पहिल्यापासूनच तसे आहेत ना?" अजिबात नाहीत. युद्धानंतर पैसा आला तशा यांनीही मोटारी घेतल्या आणि मोटारींसाठी गावं फोडायला काढली. 1967 साली जोकिनेन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने ॲमस्टरडॅमला सल्ला दिला की एक कालवा बुजवा आणि सहा पदरी रस्ता करा. तिथे ते टळलं. उत्रेख्तने मात्र आपला जुना कालवा बुजवून तिथे खरोखरच मोटारींसाठी हायवे केला. 1971 साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर 3,300 च्या आसपास माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. तेव्हा कुठे होतं हो यांचं कल्चर?

मग आईबाप चिडले. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 साली लेख लिहिला, मथळा होता 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. लोक सायकली आडव्या टाकून रस्त्यात झोपले. ॲमस्टरडॅमच्या द पाइप वस्तीतल्या शाळकरी पोरांनी खेळायला रस्ता मागितला आणि तो स्वतःच अडवलासुद्धा. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा दिसतो ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर वर्षानुवर्षं भांडून एकेक रस्ता बदलून घेतला. उत्रेख्तने तो हायवे उखडून 2020 मध्ये कालव्यात पुन्हा पाणी सोडलं. त्याच कालव्याच्या काठावर बसून मी हे सगळं बघत होतो.

आणि हे लोक काही संत नाहीत बरं का. सिग्नल तोडतात, शिव्या घालतात, सायकली चोरतात. सायकलच्या वाटेवर मोपेडवाले इतके माजले की 2019 मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांना मुख्य रस्त्यावर हाकलावं लागलं. सगळं आलबेलही नाही. 2023 मध्ये रस्त्यांवर 684 माणसं गेली, त्यातली 270 सायकलवर होती. म्हणजे माणसं आपल्यासारखीच. फक्त बटणं वेगळ्या जागी.

आता आपल्या कल्चरचं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते काही उगाच नाही. माझे वडील तीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीला सायकलवर कामाला गेले, आणि त्यांना कुणी 'सायकलिस्ट' म्हटलं नाही. आजही आमच्या सोसायटीचा वॉचमन रोज कात्रजहून सायकलवर येतो, रात्रपाळी करून सायकलवरच परत जातो. त्याच्या सायकलला दिवा नाही, आणि तो जातो त्या रस्त्यावर त्याच्यासाठी वीतभर जागा नाही. जिथे सायकल ट्रॅक आहे तिथे तो अचानक सुरू होतो, वाटेत पार्क केलेल्या दुचाक्या लागतात आणि शेवटी विजेच्या डीपीला धडकून संपतो. तरी माणूस येतोच आहे. याला कल्चर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पण तो आपल्याला दिसत नाही. आपल्याला 'सायकल कल्चर' दिसतं ते रविवारी पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या रस्त्यावर. मीही त्यातलाच. चाळीस हजारांची सायकल, घट्ट कपडे, धरणाजवळ पोहे, फोटो, आणि सोमवारी ऑफिसला एकटाच गाडीतून. "कल्चर नाही" हे वाक्य आपल्या फार सोयीचं आहे. संस्कृती बदलायला शंभर वर्षं लागतात, त्यामुळे आज कुणालाच काही करावं लागत नाही. ना महापालिकेला, ना मला. 'रस्ता चुकीचा बांधलाय' म्हटलं की मात्र पंचाईत होते. कुणी बांधला, पैसे कुठे गेले आणि आपण गप्प का बसलो, हे सगळं विचारावं लागतं.

उत्रेख्तमध्ये पाचव्या दिवसापासून माझी लेक मित्राच्या मुलीबरोबर सायकलवर कोपऱ्यावरून पाव आणायला जायची. बरोबर मोठं माणूस कुणी नाही. पहिल्यांदा बायको खिडकीतच उभी होती, तिसऱ्या दिवशी तीही विसरली.

परत आल्यापासून लेक एकच विचारते, "बाबा, मी शाळेत सायकलने जाऊ?" शाळा घरापासून सव्वा किलोमीटरवर आहे. मी नाही म्हणतो, कारण शाळेच्या फाटकासमोर सकाळी गाड्यांची अशी काही दाटी असते की तिथून पोराने सायकल काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

परवा तिने विचारलं, "इतक्या गाड्या का असतात तिथे?" आपल्याकडे कल्चर नाही, असं काही मला तिला सांगवेना. त्या रांगेतली तिसरी-चौथी गाडी रोज आमचीच असते, आणि ती मागच्या सीटवर बसलेली असते.