मांडव मुका कोणी केला?

लग्नाच्या छायाचित्रकारांच्या मेळाव्यास मराठीच्या अध्यापकांनी जावे काय, असा प्रश्न आम्हांस आमच्याच स्टाफरूममध्ये विचारण्यात आला. विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल कमी आणि कीव अधिक होती. तरीही आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मराठी विभागातील दोघे. गडचिरोली जिल्ह्यात स्टुडिओ चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून चंद्रपुरात भरलेल्या या मेळाव्यात आम्ही दोन दिवस बसलो, छायाचित्र आणि चलच्चित्र एकत्र कसे गुंफावे हे शिकलो, आणि परतलो ते एक भांडण घेऊन. ते भांडण त्या व्यावसायिकांशी आहे, पण त्याहून अधिक आपल्या मराठी विभागांशी आहे.

आधी स्टाफरूमचा हिशेब चुकता करू. लग्नाचे शूटिंग म्हणजे उथळ, बाजारू, अभ्यासास अपात्र, ही आपली धारणा. हीच धारणा आपण झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयीही बाळगली होती. दिवाळीनंतर वडशातून नाटक मंडळ्या निघतात, गावोगावी रात्रभर नाटक चालते, हजारो लोक तिकीट काढून बसतात. आपण मात्र आधुनिक मराठी रंगभूमीचा पेपर शिकवताना पुणे-मुंबईच्या पलीकडे पाहिले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि मग आपल्याकडे चर्चासत्रांच्या पत्रिका छापल्या जाऊ लागल्या. मान दिल्लीहून आल्यावरच मान देण्याची ही सवय मराठीच्या अध्यापकाला शोभत नाही. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, पण लग्नाचा पेनड्राइव्ह आहे. त्या घरात पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे कथन तेच आहे. त्याकडे नाक मुरडून पाहणाऱ्याने ‘समाज आणि साहित्य’ या विषयावर बोलू नये.

आता मेळाव्याकडे वळू. तिथे शिकवलेल्या तंत्राचे नाव ‘फ्यूजन’. पूर्वी फोटोवाला वेगळा आणि व्हिडिओवाला वेगळा असे. २००८ साली निकॉन डी-९० आणि पाठोपाठ कॅनन ५डी मार्क टू हे कॅमेरे आले आणि एकाच यंत्रातून छायाचित्रही निघू लागले, चित्रणही होऊ लागले. तेव्हापासून दोहोंची सरमिसळ करून लग्नाची फिल्म बनवण्याची पद्धत रूढ झाली. वधू मान वर करते तेवढे चालते, नजर मिळते त्या क्षणी चित्र थांबते, मग पुन्हा चालू लागते. हे वाटते तितके सोपे नाही. छायाचित्राची चौकट ३:२ या प्रमाणात असते, पडद्याची १६:९. म्हणजे छायाचित्र पडद्यावर भरताना वरखाली कापले जाते. म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर जागा सोडावी लागते, नाहीतर नवरदेवाचे बाशिंग कापले जाते. सेकंदाला २५ चौकटी घेताना शटर साधारण १/५० ठेवतात. त्याच गतीने अक्षतांचा फोटो काढला तर अक्षतांच्या रेघा दिसतात. तेव्हा हातातल्या हातात गती बदलावी लागते. हे सारे आम्ही वहीत उतरवून घेतले. आमच्याहून वयाने निम्मी असलेली मुले ज्या एकाग्रतेने ते ऐकत होती, ती आम्हांस आमच्या वर्गात क्वचितच दिसते.

थांबलेल्या चित्रांतून चालते चित्र घडवण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत दाणा पेरला, दिवसामागून दिवस कॅमेऱ्याने त्याची चित्रे टिपली आणि ती सलग दाखवून रोप डोळ्यांदेखत वाढवून दाखवले. उलट टोकाचे उदाहरण फ्रान्सचे आहे. क्रिस मार्कर या दिग्दर्शकाचा १९६२चा ‘ला जते’ हा अर्ध्या तासाहून थोडा लहान चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. झोपलेली स्त्री डोळे उघडते तेवढाच क्षण हलतो. पण या चित्रपटास एकत्र बांधून ठेवणारा दोरा छायाचित्रांत नाही, आवाजात आहे. निवेदन आणि ध्वनी अखंड चालू राहतात, म्हणूनच एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना प्रेक्षक अडखळत नाही. स्थिर आणि चल यांचा सांधा कान जुळवतो.

नेमके इथेच आमचे भांडण सुरू होते. संकलनाच्या सत्रात शिकवलेली पहिली पायरी अशी होती: चित्रणाबरोबर आलेला मूळ आवाज वेगळा करा आणि बंद करा. त्यावर गाजलेले चित्रपटगीत चढवा आणि त्याच्या ठेक्यावर चित्रे कापा. दोन दिवसांत प्रकाशावर, भिंगांवर, रंगछटांवर सत्रे झाली, आवाजावर एकही झाले नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही माजी विद्यार्थ्यास हे विचारले. तो हसून म्हणाला, “सर, आवाजाले कोन इचारते? लोकायले पिच्चरचं गानं पायजे.”

त्या बंद केलेल्या आवाजात काय असते, याचा विचार करावा. हळदीच्या वेळची बायकांची गाणी असतात. विहिणीची टर उडवणारी, ऐन वेळी नावे गुंफून रचलेली गाणी असतात. ‘ण’ आणि ‘ळ’ बाजूला ठेवून बोलणारी आपली झाडीबोली असते. हरिश्चंद्र बोरकरांनी जिच्यासाठी आयुष्य वेचले, आणि जी आमचे विद्यार्थी वर्गाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवतात, तीच ही बोली. एटापल्ली-भामरागडकडे गेलो तर माडिया आणि गोंडी मांडवात रात्रभर चालणारा रेला असतो. गाणे आणि नाच तिथे वेगळे काढताच येत नाहीत. या सर्वांचे चित्रण आज होते. पावले दिसतात, टाळ्या दिसतात, ओठ हलताना दिसतात, आणि ऐकू येते ते मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले गाणे. शब्द जागच्या जागी मारले जातात आणि त्याची कोणी नोंदही घेत नाही.

पण छायाचित्रकारास दोष देऊन आपण सुटत नाही. हे काम आपण त्याच्या आधीपासून करीत आलो आहोत. साने गुरुजींपासून सरोजिनी बाबरांपर्यंत ज्यांनी स्त्रीगीते जमवली त्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांच्या हाती कागदाशिवाय फारसे काही नव्हते. आपल्या हाती सर्व काही असताना आपण काय केले? लोकसाहित्याच्या प्रबंधांत गाणी उतरवली, उतरवताना ‘न’चा ‘ण’ केला, चाल वगळली, आणि गाणाऱ्या बाईच्या नावाऐवजी ‘लोकपरंपरा’ असे लिहिले. हेही म्यूट करणेच आहे. ग्रिअर्सनने शंभर वर्षांपूर्वी भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्याची व्यवस्था केली, कारण छापील नमुन्यात उच्चार राहत नाही हे त्याला कळले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या नावागावासह प्रसिद्ध होत आहेत. म्हणजे वाट माहीत आहे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात, आपल्या दारात, ती वाट चालण्यास आपण कचरतो आहोत.

गिऱ्हाईकास चित्रपटगीत हवे असते, हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे आणि अपुराही वाटतो. आजीचा आवाज हवा काय, असे गिऱ्हाईकास कोणी विचारलेलेच नाही. चित्रपटगीताची फिल्म खुशाल करावी. सोबत मूळ आवाजाची प्रत द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. जागेची सबब तर मुळीच सांगू नये. सीडीच्या दर्जाचा तासाभराचा आवाज सुमारे ६०० एमबीत मावतो. ५डी मार्क टूच्या पूर्ण एचडी चित्रणास तेवढी जागा दोन मिनिटांनाही पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विहिणीची गाणी घरच्या मांडवासाठी असतात, आदिवासींची गाणी बाहेरच्यांच्या संग्रहासाठी गायलेली नसतात. म्हणून गाणाऱ्यांच्या संमतीवाचून एकही ओळ बाहेर जाऊ नये, आणि पहिली प्रत त्यांच्याच घरी राहावी. पण संमतीचा प्रश्न अवघड आहे म्हणून आवाज पुसून टाकणे, हे त्याचे उत्तर नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपण महाविद्यालयात पेढे वाटले. त्याच मराठीचा झाडीतला आवाज दर उन्हाळ्यात, लग्नसराईत, एका कळीसरशी बंद होतो. येत्या लग्नसराईपासून आमच्या एम. ए.च्या वर्गातील विद्यार्थी त्या माजी विद्यार्थ्याबरोबर मांडवात जातील. तो चित्रण करील, ते आवाज जपतील, गाणारणीस विचारून तिचे नाव लिहितील, आणि ‘न’चा ‘ण’ करणार नाहीत. त्याने होकार दिला आहे. एकच अट घातली आहे, की त्याच्या फोटोत डोक्यावर जागा सोडलेली असते, तिथे कोणी माइक धरून उभे राहू नये. अट आम्हांस मान्य आहे.