मालक गेला, मुखत्यारपत्रही गेले



मालक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आणि जमीन गावाकडे, म्हणून भावाच्या किंवा पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात गैर काही नाही. उसाची नोंद, सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी ही कामे त्यावर सुखाने चालतात. गैर घडते ते पुढे. मालक वारतो, तेरावे होते, आणि सहा महिन्यांनी त्याच मुखत्यारपत्रावर त्याच्या जमिनीचे खरेदीखत होते. विचारावे तर उत्तर तयार, "आण्णा गेलं, पण कागद हाय की! रजिस्टर केल्याला हाय."

कागद असला तरी त्यातला जीव गेलेला असतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा किंवा घेणारा मरण पावला की मुखत्यारी संपते. जमीन वारसांकडे जाते, आणि वारसांनी तर मुखत्यारास काहीच लिहून दिलेले नसते. मालकाच्या हयातीत रीतसर झालेले व्यवहार मात्र कायम राहतात.

कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत गुंतला असेल, तर मुखत्यारी मरणाने संपत नाही. याचाच आधार घेऊन काही एजंट मंडळी 'रद्द न होणारे' असे शब्द घालून देतात. नुसत्या शब्दांनी हितसंबंध तयार होत नाही. मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी मिळत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारास, लिहून देणार मयत नाही, असे घोषणापत्रही द्यावे लागते. ते खोटे दिले तर नोंदणी कायदा, १९०८, कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साक्षीदार म्हणून भिडेखातर अंगठा उठवणाऱ्यांनीही विचार करावा.

आता थोडे कडू बोलतो. हे सगळे अडाणीपणाने होते, असे आम्हांस वाटत नाही. वारस नोंद केली की सातबाऱ्यावर बहिणींची नावे येतात आणि विक्रीला त्यांच्या सह्या लागतात. त्या टाळायच्या, म्हणून मयताचा कागद चालवायचा! १९५६ च्या कायद्याने मुलगी वारस आहे, २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची आहे. भाऊबीजेला साडी देताना हात आखडत नाही, सातबाऱ्यावर नाव म्हटले की मात्र पोटात गोळा येतो.

यात बुडतो तो घेणारा, आणि तो बहुधा आपलाच सभासद असतो. उसाच्या बिलाचे साठवलेले पैसे घालायचे, विहीर पाडायची, आणि काही वर्षांनी बहीण किंवा तिची मुले दावा लावतात. मालक वारल्याचे ज्याला खरोखर ठाऊक नव्हते त्याला कायदा थोडेफार सांभाळतो. पण तेराव्याच्या पंगतीला बसून आलेल्याने "मला म्हाईत नव्हतं" असे कोर्टात कोणत्या तोंडाने म्हणावे?

मालकाने हयातीत साठेखत करून दिले असेल तर घाबरू नये, ते सहसा वारसांवरही बंधनकारक राहते. खरेदीखत मात्र सर्व वारसांच्या सहीने करून घ्यावे. ज्यांच्या घरी असे दुःख झाले आहे त्यांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. आणि मुखत्याराकडून जमीन घेणाऱ्याने इसार देण्याआधी मालकाची स्वतः गाठ घ्यावी. एस. टी.चे भाडे काही एकरभर जमिनीहून महाग नाही.